मिरचीचा हात

प्रेमलताबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनची भीती नव्हती, भीती होती ती घरी बसण्याची. लकडगंजात त्यांचं छोटंसं गोदाम. भिवापुरी मिरची यायची, बाया तिची देठं खुडायच्या, मग तिखट कांडून धरमपेठेतल्या घराघरांत पोचायचं. ढिगाजवळ बसून बाईही खुडायच्या, आणि हातापेक्षा तोंड जास्त चालवायच्या.

गुडघा झकास झाला. पाऊल मात्र रुसलं. उजवं पाऊल वर उचलेचना. चालताना बोटं फरशीला घासायची, चप्पल वाटेत गळून पडायची आणि बाईंना पत्ताही नसायचा. पावलाच्या वरच्या बाजूला चिमटा काढला तरी काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, हळूहळू भरून येईल बहुधा. त्या 'बहुधा'वर बाईंचा फार राग. बहुधा तिखट आहे असं सांगून आपण कधी माल विकला का, असं त्या घरी आल्यावर बडबडल्या.

मग पायाला प्लास्टिकचा पट्टा आला, रोजचे व्यायाम आले. पट्ट्यावर चप्पल बसेना, म्हणून मुलाचे, अंकुरचे बूट घालावे लागले. लुगड्याखाली ते बूट आरशात पाहिले त्या दिवशी बाई मोरीत जाऊन रडल्या. पुढचा हंगाम येईपर्यंत पाय शुद्धीवर आला नाही, तर गोदाम सोडून द्यायचं, असं त्यांनी घरात सांगूनही टाकलं.

तोवर गोदाम सून मयुराने सांभाळलं. सासूने तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते एवढंच: मिरचीचा हात कुणाला लावायचा नाही. खुडून उठलं की आधी हाताला तेल चोळायचं, मग बेसन लावून थंड पाण्याने धुवायचं, त्यानंतरच लेकराला घ्यायचं. मयुरा ते पाळायची. संध्याकाळी घरी आली की सासूच्या दोन्ही पायांना तेल लावून द्यायची, आधी उजव्या, मग डाव्या.

हिवाळा सरत आला होता. गोदामात नवा माल उतरला होता, बाया कमी पडल्या होत्या, आणि मयुरा दिवसभर स्वतः खुडत बसली होती. थकून घरी आली, वाटीत तेल घेतलं, उजवं पाऊल मांडीवर घेतलं आणि गोदामातल्या गोष्टी सांगत चोळत राहिली. मग वाटी सरकवायला थांबली.

"काय वं, हात नाही धुतले का तू?" बाई कडाडल्या. "तुले हजार वेळा सांगतलं मी. पायाची आग होऊन राहिली ना माह्या!"

मयुराने आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांत लाल भुकटी होती. ती ओशाळली, पाणी आणायला उठली आणि अर्ध्यातच थबकली.

"आई, कोणत्या पायाची?"

"कोणत्या म्हणजे? तू चोळून राहिली त्याच..."

डाव्या पायाला मयुराने अजून हातही लावला नव्हता. बाईंनी वाकून उजव्या पावलाकडे पाहिलं. तिथे लाली चढली होती, डोळ्यांत पाणी यावं इतकं झोंबत होतं, आणि पाणी आलंही.

"थांबा, थंड पाणी आणते," मयुरा म्हणाली.

"काही नको आणू," प्रेमलताबाई म्हणाल्या. "जळू दे जरासं. बस इथं."