साडूभाऊंचा रंधा

बावन्न सालची खंडेनवमी, सकाळ. गाव खटकचिंचोळी. हजर: मी, आमची मंडळी, त्यांची थोरली बहीण अक्का, अक्काची बाळंतपणाला आलेली लेक, तिची तान्ही मुलगी, अक्काचे यजमान म्हणजे आमचे साडू, आणि चार रंधे. रंधे हजेरीत धरले नाहीत तर साडू रुसतात, म्हणून धरले. निजामाच्या राज्यात आणि ते गेल्यावर आलेल्या राज्यात मिळून रंध्यांवर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस झाला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी भालकीचा आडतवाला. तोलल्याशिवाय बोलत नाही.

साडू काही सुतार नव्हेत. घरची शेती आणि किराणा. पण तरुणपणी संतपूरच्या एका म्हाताऱ्या सुताराच्या ओट्यावर बसून बसून त्यांना लाकडाचा नाद लागला आणि अर्ध्या गोठ्यात त्यांनी कारखाना थाटला. बैल उरलेल्या अर्ध्यात समजुतीने राहिले. करवती, पटाश्या चारचौघांसारख्याच. जीव होता तो खाच पाडायच्या रंध्यांवर. फळी चौकटीत बसवायची तर चौकटीला आतून लांब, सरळ खाच लागते. ती हा रंधा पाडतो. माणसाला एक पुरतो. साडूंकडे म्हाताऱ्याने दिलेला बाभळीचा होता, हैदराबादच्या जुन्या बाजारातला लोखंडी विलायती होता, पितळी पट्टीचा शिसवी होता आणि गालाला चीर गेलेला, तारेने बांधलेला सागवानीही होता. चौघांना करडईचं तेल लागायचं, थंडीत पांघरूण लागायचं. एकाने काम करताना बाकीच्यांवर फडकं टाकलेलं असायचं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्यांच्या म्होरं कामून जीव जाळायचा त्यांचा?"

अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत गाव रानात पळालं तेव्हा अक्काने दागिने घेतले आणि साडूंनी रंधे गोधडीत गुंडाळून छातीशी धरले. वाटेत एका बाईने कळवळून विचारलं, "लेकरू कामून रडंना वो?" साडू म्हणाले, "शाणं हाय."

रंधा उसना मागणाऱ्याला ते नाही म्हणत नसत. फक्त रंध्याबरोबर स्वतः जात, काम संपेपर्यंत मागणाऱ्याच्या ओसरीवर बसत, जेवत, आणि रंधा घेऊन परत येत. "रंधा एकटा जात न्हाई," हा त्यांचा कायदा होता. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्या हातात रंधा यायचा आणि प्रश्न यायचा, चौघांत चांगला कोणता? पाहुणा ज्याचं नाव घेईल त्याच्याविरुद्ध साडू तासभर बोलत. स्वतःची निवड मात्र त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

त्या वर्षी ती करायची पाळी आली. लेकीच्या पहिल्या बाळाला आजोबाच्या हातचा पाळणा, असं त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. बारसं दसऱ्याला. उदगीरच्या व्याह्यांनी निरोप धाडला होता, "सवड नसली तर राहू द्या, आम्ही बाजारचा आणायलाव." साडूंना तो निरोप फार लागला. पाळणा सगळा उभा होता, फक्त तळाच्या फळीची खाच राहिली होती. नातीचा भार त्या खाचेवर यायचा, तेव्हा ती सर्वांत चांगल्या रंध्यानेच पाडायची. आणि सर्वांत चांगला कोणता हे ठरेना. ठरेना ठरेना करत खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात ती दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगण झाल्यावर उठतात. मध्ये कोणी हात लावत नाही. गावचे सुतारही आपापली हत्यारं पूजेला लावून मोकळे झाले होते.

अक्का हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आता बसा रंध्याचं त्वांड बघत."

साडू म्हणाले, "पूजेला घरचंच हत्यार बसतंय न्हवं? परक्याचं न्हाई?"

"परक्याचं कामून बसवू मी?"

साडू माझ्याकडे वळले. त्यांच्या मनातलं मला लगेच कळलं. एक रंधा मला देऊन टाकायचा, म्हणजे तो या घरचा राहत नाही. आणि माझ्या घरची पूजा तिकडे भालकीला. मी व्यवहाराचं बोललो, "अण्णा, तो चिरलेला द्या. मला काय करायचंय चांगला घेऊन?"

"चिरलेल्यानं नातीची खाच पाडू व्हय?"

अडचण खरी होती. ज्याने खाच पाडायची तोच द्यायचा, म्हणजे आवडता ठरवायचा आणि त्याच घटकेला घालवायचा. साडूंनी विलायती उचलला, ठेवला. शिसवी उचलला, ठेवला. आत नात रडायला लागली. तेव्हा त्यांनी बाभळीचा उचलला, त्यावर पान-सुपारी ठेवली, पळीभर पाणी सोडलं आणि माझ्या हातात दिला. "घ्या साडूभाऊ. आता ह्यो तुमचा." आणि लगेच हात पुढे करून म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा रंधा जरा वापराया द्याल का?"

मी म्हटलं, "रंधा एकटा जात नाही," आणि दिवसभर गोठ्यात बसलो. हातोडा पूजेला बसलेला, म्हणून फळी ठोकून बसवायला अक्काने वरवंटा दिला. दसऱ्याला नात आजोबाच्या पाळण्यात निजली. व्याह्यांनी तरीही आणलेल्या बाजारच्या पाळण्यात बाळंतिणीची लुगडी ठेवली.

संध्याकाळी सोनं देताना मी रंधाही पुढे केला. साडूंनी हात मागे घेतले. "आता घेतला तर नवमीला माझंच हत्यार राबलं म्हणायचं. त्या फळीवर लेकरू निजायलंय, साडूभाऊ." अक्काने तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला. मी रंधा भालकीला आणला.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी साडू आमच्याकडे येतात. आधी विचारतात, "तुमचा रंधा बघू का?" मग बाभळीला तेल लावतात, मांडीवर घेतात. रिकामं कसं बसायचं, म्हणून त्यांनी आमच्यासाठी एक कपाट करायला घेतलं. वरची दारं झाली, झडपा झाल्या. खालच्या कप्प्याच्या दाराचं माप ते दरवेळी नव्याने घेतात आणि लाकूड अजून ओलं आहे म्हणतात. लाकूड कधीच वाळलं. यंदा त्यांचा हात जरा कापायलाय, माप घेताना दोरी मी धरतो. आमची मंडळी दोनदा म्हणाली, बाजारातून दार आणून बसवा. अर्धवट काम मला डोळ्यापुढे खपत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तिला मी म्हटलं, राहू दे.

खालच्या कप्प्याचं दार अजून बसायचं आहे.