थेंबांच्या ठेक्यावरचा धवला

आवडाबाई इस्पितळात लागून सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं सिस्टर मंदाकिनी तिला एकच गोष्ट सांगत आली होती, "आवडाबाई, वॉर्डात गुणगुणायचं नाही."

"बरं बाय," आवडाबाई म्हणायची आणि फडका पिळता पिळता पुन्हा सुरू व्हायची.

तिचाही इलाज नव्हता. बाई कळव्याची आगरी, मिठागरात जन्मली, मिठागरातच नांदली, आणि वर धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गायचे ते हिनं. हिच्या तोंडून धवला पडल्याशिवाय आळीतल्या एका नवरीला हळद लागली नव्हती. नवरा गेल्यावर डोक्यावरचं मिठाचं टोपलं तिनं खाली ठेवलं आणि खाडीपलीकडे ठाण्याला, डॉक्टर टिपणीसांच्या बारा खाटांच्या इस्पितळात आया म्हणून चिकटली. लिहिता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. टोपलं उतरलं, गाणं तेवढं उतरलं नाही.

छप्पन सालचा वैशाख. सकाळी दहाच्या सुमाराला बैलगाडीत घालून गोपीनाथला आणला. गोपीनाथ तिच्याच आळीतला, परवावर त्याच्या लेकीचं, शकूचं, लगीन आलेलं. मांडवाचे बांबू तासताना कोयता निसटला तो थेट मांडीत. धाकट्या भावानं, दगडूनं, पंचा करकचून बांधला होता. तरी गाडीतलं गवत लाल झालं होतं. गोपीनाथचे ओठ पांढरेफटक, हात गार, नाडी हाताला लागेना.

डॉक्टरांनी तुटलेली रक्तवाहिनी बांधली आणि मान वर केली. "रक्त मुंबईहून आणावं लागेल. यायला संध्याकाळ होईल. तोवर हा टिकला पाहिजे. सिस्टर, डेक्स्ट्रान काढा. पण आधी गट तपासायला रक्त घ्या त्याचं. हे औषध अंगात गेलं की तपासणारा चकतो."

रक्ताची नळी घेऊन एक मेहुणा स्टेशनाकडे पळाला. सिस्टरनं कपाटातून बाटली काढली. डॉक्टरांनी ती खिडकीशी धरून निरखली. गढूळपणा नाही, कण नाहीत, बूच शाबूत.

दगडूचा चेहरा पडला. "डाक्तर, लाल गेलाय नि तुमी पानी भरताव?"

"पाणी नाही रे. पाणी दिलं तर शिरांतून झिरपून जातं. हे आत टिकून राहतं, हृदयाला ढकलायला काहीतरी मिळतं. रक्ताचं काम मात्र याला येत नाही, म्हणून रक्त यायलाच हवं."

पहिले थेंब अगदी सावकाश सोडले. डॉक्टर त्याची छाती, मान, दंड बघत बसले. कुठं गांधी उठतात का, श्वास अडतो का. काही नाही म्हटल्यावर त्यांनी नळीवरचा चिमटा सैल केला आणि बोट नाडीवरून न काढता उभे राहिले. बाटली भराभर उतरली. अर्ध्या तासानं गोपीनाथनं डोळे उघडले, आवडाबाईला बघितलं आणि पुटपुटला, "आवडे, तू हयं? हलद कोन लावील पोरीला?"

"तू गप पर. खाटेवर बापूस आरवा पल्लाय तवर कोनाला हलद?" तिनं त्याचे पाय पांघरुणात खुपसले. पाय अजून गारच होते.

दुसरी बाटली लावली तेव्हा डॉक्टरांनी चिमटा आवळला. "आता मिनिटाला चाळीस थेंब. एकही जास्त नाही. आता ओतलं तर हृदयाला पेलणार नाही, छातीत पाणी भरेल. खोकला आला, मानेच्या शिरा फुगल्या, तर बंद करायचं आणि मला हाक मारायची. लघवी किती होते तीही मापून ठेवा."

तेवढ्यात एक अडलेली बाळंतीण आली. डॉक्टर आणि सिस्टर दोघंही तिकडे लागणार, बाटलीपाशी उरणार ती आवडाबाई.

"बाय," आवडाबाई म्हणाली, "घर्‍याल तुझ्या छातीला टाचलेला. चाळीस मना कसं कलायचे?"

सिस्टर गडबडली. आवडाबाई मात्र काचेच्या नळीत टपटपणारे थेंब बघत ओठ हलवू लागली होती. एक धवला घेतला, सोडला. दुसरा घेतला, तो फार पळायचा. तिसरा बसला, अक्षर न् अक्षर थेंबावर.

*मांडवाच्या मेढीला गो हलद लागली,*
*नवरीच्या बापसाची गो वाट पाहिली…*

सिस्टरनं घड्याळ धरून दोन मिनिटं ऐकलं. एका ओळीला आठ थेंब, पाच ओळींना मिनिट. "गा," ती म्हणाली. "पण हळू आवाजात." सहा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारचा तास असाच गेला. आवडाबाई गात होती, गोपीनाथ डोळे मिटून ऐकत होता, दगडू खाटेपाशी उकिडवा बसून बाटलीकडे बघत होता. मग गोपीनाथला लघवीची भावना झाली. आवडाबाईनं भांडं दिलं, मापलं आणि ओतायला मागच्या दारी गेली. जाताना, येताना, भांडं विसळताना तोंडातला धवला तिनं सोडला नाही.

परत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिचं गाणं 'मेढीला' म्हणत होतं आणि नळीत थेंब नव्हतेच. सरळ धार लागली होती. गोपीनाथ खोकत होता. मानेवरच्या शिरा सुतळीएवढ्या दिसत होत्या.

तिनं झडप घालून चिमटा आवळला. "दगरू! डाक्तरला बोलाव! उठ!" आणि एका हातानं गोपीनाथला खांद्याशी धरून बसता केला, पाठीशी दोन खाटांच्या उशा कोंबल्या.

डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. छातीला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं, पुन्हा ऐकलं. गोपीनाथचा श्वास हळूहळू बसत गेला. "छाती भरायला लागली होती," ते म्हणाले. "आणखी थोडा वेळ गेला असता तर रक्त आणून उपयोग नव्हता. चिमटा कोणी उघडला?"

दगडू पुढे सरकला. "मीच. सकाली तुमी भराभर सोरला तवा दादूस उठला. मना वाटला, भरती आली का आगराची उघारी, पान्याचा दरवाजा, पुरी उघराची, पानी थांबत नाय कोनासाठी. बाटली संपली का दादूस हलदीला घरी."

आवडाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आन मीठ पिकाच्या वाफ्यात? तेत पन पुरी भरती घेतस का रं?"

"नाय. बोटभर."

"का?"

"बांध फुटल. मीठ जाईल."

"मंग ह्यो तुझा दादूस काय खाडी हाय?"

डॉक्टरांना हसू आवरेना. गोपीनाथही हसला, म्हणून पुन्हा खोकला, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा छातीला नळी लावली.

दिवेलागणीला मेहुणा रक्ताच्या बाटल्या घेऊन आला. सकाळच्या नळीतल्या रक्ताशी जुळवून घेतलेल्या. रात्रभरात गोपीनाथच्या ओठांवर रंग आला.

लगीन काही लांबलं नाही, गोपीनाथनंच लांबवू दिलं नाही. "तू जा, आवडे. तू गेलीस का मी गेल्यासारखा," म्हणाला. सिस्टरनं आपण होऊन रजा लिहिली.

पण मांडवात वेगळीच पंचाईत. आवडाबाई धवला उचलायची आणि तो त्या बाटलीच्या चालीनं पडायचा. शेजारची हौसाबाई वैतागली. "आवडे, आज इतका हलू का? नवरीची हलद सुकली!"

"सुकू दे," आवडाबाई म्हणाली. "मिंटाला चाळीस. डाक्तरनी सांगलाय."

लग्न लागल्यावर बैलगाडी पुलावरून ठाण्याला आली. पिवळीजर्द शकू, बावरलेला नवरा, मागे दगडू. गोपीनाथ उशीला टेकून बसला होता. पोरीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला, तो आता गरम होता. सिस्टर मंदाकिनी दारात येऊन उभी राहिली, वॉर्डातल्या गर्दीकडे बघितलं, आवडाबाईकडे बघितलं.

"एक होऊन जाऊ दे," ती म्हणाली.

आवडाबाईनं सूर लावला. शेजारच्या खाटेवर कुणाला तरी सलाइन लावलेलं होतं, आणि दगडू त्या बाटलीपासून चार हात लांब, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा होता.