पुढचं जाड, मागचं हलकं

विष्णू गेल्याचं मला तात्यांनी फोनवर सांगितलं, आणि मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "घाटात पडला का?" तात्या म्हणजे त्याच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. ते म्हणाले, "न्हाई रे, घाटात कशाचं... संस्थेच्या ओट्यावर बसलता. च्या मागवला, आन् च्या यायच्या आत गेला." मला ते कळेना. दुकानाचं शटर ओढलं, गाडी काढली, नेकनूरच्या रस्त्याला लागलो, तरी डोक्यात आपली सायकलच. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत आलो की ही सायकल एक दिवस याचा जीव घेणार, आणि हा चहाची वाट बघता बघता बसल्या जागी गेला. मला त्याचा राग आला. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी रागच आला.

माझं बीडला टायरचं दुकान आहे. विष्णू माझा कॉलेजातला दोस्त. पदवी घेऊन मी शहरात राहिलो, तो परत डोंगरावर गेला आणि संस्थेचा सेक्रेटरी झाला. माणूस लाख, पण त्याच्याकडून कशाचंच सरळ उत्तर मिळायचं नाही. दोघं भांडत असले की हा आधी एकाला म्हणणार, "तुमचं बरोबर हाय," आणि मग दुसऱ्याकडे वळून त्यालाही तेच म्हणणार. मी चिडायचो. "बे, तुझं सोताचं काय मत हाय ते सांग की," म्हटलं की हसायचा. त्याच्या गावाला असाच सेक्रेटरी हवा होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. त्यांचं पाण्यावरून जमत नव्हतं, देवळावरून जमत नव्हतं. फक्त दूध तेवढं एका कॅनमध्ये पडायचं, कारण एका आळीच्या दुधासाठी टेम्पो थांबला नसता.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. अर्धी जनावरं चारा छावणीत गेली, उरलेल्यांचं दूध आटलं, आणि एवढ्याशा दुधासाठी घाट चढून वर यायचं डेअरीच्या टेम्पोनं बंद केलं. घाटाच्या पायथ्याला पहाटे उभा राहीन, दूध खाली आणून द्या, नाहीतर हा मार्गच बंद, असा निरोप आला. त्या दुधाच्या आधारानं काही घरं त्या वर्षी ऊसतोडीला गेली नव्हती, म्हणजे मार्ग बंद होऊन चालणार नव्हतं. पायवाटेनं उतरलं तर अंतर कमी, पण वाट सगळी दगडगोट्यांची आणि बाभळीच्या काट्यांची, मध्ये एक ओढा आणि त्यापुढे छातीवर येणारा चढ. पुण्याच्या एका हौशी माणसानं डोंगर उतरायची गिअरची सायकल विकायला काढली होती. मी ती संस्थेला मिळवून दिली, मागे लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं. टायर मात्र पार गेलेले होते. कुठले घालायचे?

तसं पाहिलं तर हा प्रश्न माझ्या दुकानात पाच मिनिटांत सुटायचा. जाड टायर दगडाला दाद देत नाही, त्यात हवा थोडी कमी ठेवता येते, दूध कमी हिंदकळतं. पण ते वजनाला भारी, चढाला पायांचा जीव काढतं. हलकं टायर चढाला सोपं, रिकामे कॅन घेऊन परत यायला बरं, पण त्याची बाजू पातळ, दगडाची धार बसली की संपलं. माझं मत जाडच्या बाजूनं होतं आणि आजही आहे. पण सायकल पडली संस्थेची. संस्थेत खडू घ्यायचा तरी सूचक लागतो, अनुमोदक लागतो. सभा बोलावली. मला नमुने घेऊन यायला सांगितलं. मी हलकं टायर रुमालासारखं घडी घालून दाखवलं तेव्हा खालच्या आळीतली माणसं खूश झाली. जाडवर मी बुक्की मारून दाखवली तेव्हा वरची आळी खूश झाली. झालं! खालची आळी हलक्याच्या बाजूनं, वरची जाडच्या. टायर कशाला म्हणतात हे ज्यांना त्या दिवशी सकाळी माहीत नव्हतं ते दुपारी टायरवरून एकमेकांच्या अंगावर जात होते. हात वर झाले, दोन्हीकडे सारखे. सेक्रेटरीला मत नाही, विष्णू दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून लिहीत बसलेला. तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "पुढचं जाड, मागचं हलकं. दोनीचा मान राहिला." टाळ्या पडल्या.

मी तिथेच ओरडलो, "अहो तात्या, कॅन मागं हाईत, ओझं मागं हाय! उलटं तरी करा!" कोणी ऐकेना. बाहेर येऊन टायर चढवताना मी विष्णूला हळूच म्हणालो, "आत्ता अदलाबदल करतो, कुणाला कळतंय?" तो एकदम गंभीर झाला. "नगं बे. ठराव झालाय. आता टायर हलवायचं म्हंजी सभा बोलवावी लागंल."

"कावून रे एवढं? दूध सांडलं म्हंजी?"

"न्हाई सांडत."

आणि खरंच सांडलं नाही. दुष्काळ सरेपर्यंत एक दिवसही टेम्पो चुकला नाही. दोन्ही आळ्या दर महिन्याच्या सभेला न चुकता यायच्या, कारण टायरचा विषय निघायचाच. मागचं पंक्चर झालं की वरची आळी छाती काढायची, विष्णूला दम लागलेला दिसला की खालची. तो दोघांनाही म्हणायचा, बरोबर हाय. मी मात्र चकित व्हायचो. माझ्याकडून त्यानं ट्यूब नेल्या, पण टायर कधी बदलायला आणलं नाही. ब्रेकचे रबर तर एकदाही नेले नाहीत. आपला माल किती टिकाऊ, म्हणून मी बीडभर मिरवत होतो! पुढे डांबरी रस्ता झाला, टेम्पो वर यायला लागला, तरी सायकल त्याच्याकडेच राहिली, तेच टायर, तीच अदलाबदल न केलेली जोडी.

तेराव्यानंतर मी मंदावहिनींना भेटायला गेलो. विष्णूच्या बायकोशी बोलायला मला कधी फारसं सुचत नाही, म्हणून मी सायकलचाच विषय काढला. म्हणालो, "वहिनी, तेवढं एक सांगा, त्याला खरं कोणतं टायर पटत होतं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, ते कुठं बसत होते सायकलीवर?"

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतायत. त्या शांतपणे सांगत राहिल्या. "पयल्या वळणापर्यंत बसायचे. वळण आड गेलं की उतरायचे आन् सायकल हातात धरून चालत खाली. तास-दोन तास आधी निघायचे त्यासाठी. मी पाण्याला खाली जायची, रोज बघायची. म्हटलं, कावून असं? तर म्हणाले, दूध घुसळतंय, लोणी सुटतंय. बरं, मग रस्ता झाल्यावर रिकामीच घेऊन जायचे तवाही चालतच! मग म्हटलं, भ्या वाटतं का उताराचं? तर हसले."

माझं डोकंच चालेना. म्हणजे ती सभा, ते हात वर करणं, माझं ओरडणं, इतक्या वर्षांचं भांडण, सगळं हातात धरून चालवलेल्या सायकलवरून! त्याला दुधाची काळजी होती, की उताराची भीती होती, की त्या दोन आळ्या एका खोलीत बसून भांडाव्यात म्हणून तो गप्प राहिला? मला तरी का नाही सांगितलं? मी काय परका होतो? आजही यातलं काही मला धड कळलेलं नाही. वाटतं, आत्ता समोर असता तर गचांडी धरून विचारलं असतं... आणि तो म्हणाला असता, तुझं बरोबर हाय.

त्याच संध्याकाळी संस्थेत शोकसभा होती. दोन्ही आळ्या आल्या, पण पहिल्यांदाच वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसल्या. दाराजवळची खुर्ची रिकामी, तिच्याकडे कोणी बघेना. कुजबुज माझ्याही कानावर आली होती : खालची आळी दूध एका खाजगी डेअरीवाल्याला घालणार म्हणे, आता विष्णू नाही तर कशाला थांबायचं. दोन मिनिटं उभं राहून झालं. तात्यांनी ठराव मांडला, सायकल आठवण म्हणून संस्थेतच ठेवायची. कोणी हूं नाही की चूं नाही. माणसं चपला शोधायला लागली.

मंदावहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. मला सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांनी अगदी थोडी, नाही अशी मान हलवली.

मी उठलो. म्हणालो, "सायकल ठेवा, पण टायर तडकलेत, नवे मी देतो. आन् या खेपेला दोनी जाडच घाला. डोंगराच्या उताराला हलकं टायर घालणारा माणूस येडा."

"येडा कुणाला म्हंतो बे!" खालच्या आळीतून आवाज आला, आणि चपला घातलेली माणसं चपला काढून परत आत बसली.