झटका दिलात, तर घेतलंत

व्हर्लिन टॅकेटचा कुत्रा नावावाचून मेला. पिल्लू होतं तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "घाई कशाला? आधी त्याचा स्वभाव तर कळू दे." स्वभाव कळला, दात पडले, मागचे पाय गेले, पण नाव काही ठरलं नाही. शेवटी त्याला ओढ्याकाठी पुरलं, तेव्हा नेडीनने, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोने, एका फळीवर रंगाने 'कुत्रा' असं लिहून ती तिथे रोवली. व्हर्लिन फळीकडे बघत म्हणाला, "जरा थांबली असतीस तर मला सुचत आलं होतं."

माझं घर त्यांच्या कुंपणाला लागून. मिसुरीच्या या डोंगराळ भागात लोक कुंपण घालतात ते त्यावर कोपर टेकून बोलता यावं म्हणूनच, त्यामुळे नेडीनची गाऱ्हाणी मला पाठ आहेत. त्यांचा फ्रीज बंद पडला तेव्हा नवा कुठला घ्यावा याचा व्हर्लिनने इतका विचार केला, की ती हिवाळाभर दूध मागच्या पायरीवर ठेवत होती. बर्फ वितळायला लागल्यावर एकटीच जाऊन फ्रीज घेऊन आली. लग्नाचंही तेच. कितीतरी वर्षं हा दर रविवारी तिला चर्चपासून घरापर्यंत सोडायचा आणि दारात उभा राहून हवेबद्दल बोलायचा. एकदा चर्चच्या जेवणात त्याच्या ताटात घेवडा वाढता वाढता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हर्लिन, जूनचा दुसरा शनिवार. आईला सांगितलंय मी."

"कुठला जून?"

"हाच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे त्याला विचार करायला वेळ मिळाला नाही.

शाळेची बस मात्र त्याने निवृत्त होईपर्यंत एकही दिवस उशिरा नेली नाही. तिथे रस्ता ठरलेला होता.

गावात होबर्ट प्रूइटचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात गळ, दोऱ्या, डबीतली गांडुळं आणि बुडबुडत राहणारी मासोळ्यांची टाकी. मागच्या अर्ध्यात बंदुका. मध्ये कॉफीचं भांडं, आणि त्याच्याभोवती दिवसभर बसलेली म्हातारी मंडळी. काचेच्या कपाटात खालच्या फळीवर एक जुनं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. पन्नासच्या दशकातलं, निळ्याकाळ्या झिलईचं, अक्रोडाच्या मुठीचं. दर शनिवारी सकाळी व्हर्लिन यायचा आणि विचारायचा, "होबर्ट, बघू का जरा?"

होबर्ट ते बाहेर काढायचा, गोळ्यांचं चक्र उघडून आधी स्वतः आत बघायचा, मग व्हर्लिनला दाखवायचा आणि मग हातात द्यायचा. ते रिकामं आहे हे दोघांना गेल्या शनिवारपासूनच माहीत असायचं. तरी दाखवायचं. न दाखवता बंदूक हातात देणारा माणूस इथे कुणी जेवायलाही बोलावत नाही.

मग व्हर्लिन खोट काढायचा. एका शनिवारी त्याला चक्राभोवती फिरून फिरून पडलेली बारीक रेघ दिसली. "हे वापरलेलं आहे, होबर्ट."

"म्हणून तर जुन्याच्या भावात देतोय."

पुढच्या शनिवारी एका स्क्रूची खाच कुणीतरी खरवडलेली निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच खोट सापडेना, तेव्हा म्हणाला, "इतकं चांगलं राहिलंच कसं? काहीतरी गडबड आहे."

"तू बंदूक बघायला येतोस की स्थळ बघायला?" होबर्ट वैतागून म्हणाला.

"स्थळ बघताना त्याने कुठे एवढं बघितलं होतं?" कॉफीपाशी बसलेला डॉइल म्हणाला. "ते काम नेडीनने केलं."

घरी जेवताना, झोपताना 'घेऊ का नको' चालूच असायचं. एकदा कुंपणाशी मी नेडीनला म्हटलं, "तूच सांग ना त्याला, नको घेऊस म्हणून."

"मी नको कशाला म्हणू?" ती म्हणाली. "अगदी असलंच एक होतं गं त्याच्याकडे, लग्नाआधीपासून. थोरली झाली तेव्हा मी टबात हाताने लंगोट धूत बसायचे, हातांची सालं निघायची. एका दुपारी हा कुठेतरी गेला आणि कपडे धुवायचं मशीन घेऊन आला. रिव्हॉल्व्हर विकून. मला विचारलं नाही, स्वतःलासुद्धा विचारलं नाही. जन्मात पटकन ठरवलेली ती एकच गोष्ट." मग म्हणाली, "मशीन कधीच भंगारात गेलं."

"ते विकल्याचं तो कधी बोलून दाखवतो?"

"दाखवावं की नाही ते ठरवतोय."

पानगळीच्या दिवसांत होबर्टने कॉफीपाशी जाहीर केलं, की स्प्रिंगफील्डचा एक दातांचा डॉक्टर शनिवारी दुपारी येणार आहे. त्याला ते रिव्हॉल्व्हर हवंय. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद करून, काचेच्या चौकटीत बसवून तो ते दवाखान्यात लावणार आहे.

"दात उपटायला आलेल्यांच्या समोर?" डॉइल म्हणाला. "बधिर करायचं इंजेक्शन वाचलं म्हणायचं."

व्हर्लिन हसला नाही. "शिसं ओतणार?" त्याने दोनदा विचारलं.

"दुपारपर्यंत मी ते तुझ्यासाठी ठेवतो," होबर्ट म्हणाला. "त्यानंतर नाही, व्हर्लिन. मलाही पोट आहे."

त्या शनिवारी मी चिचुंद्रीचा सापळा घ्यायला दुकानात गेले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलं. व्हर्लिन आधीच आलेला होता. कधी नव्हे ती नेडीनही बरोबर होती, चर्चला नेते ती मोठी पर्स मांडीवर घेऊन कॉफीपाशी बसलेली. व्हर्लिनने रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडात धरलं. होबर्टला विचारून घोडा अलगद मागे घेतला, अलगद सोडला. चक्र हलतंय का ते अंगठ्याने चाचपलं.

"घेऊ का?" त्याने दुकानाला विचारलं.

"घे!" सगळे एकदम ओरडले.

"पण तो डॉक्टर एवढ्या लांबून येतोय, म्हणजे वस्तू चांगली असणार."

"मग घे ना, बाबा."

"पण डॉक्टरला बंदुकीतलं काय कळतं? त्याला आवडली म्हणजे शंकाच येते."

होबर्टने कपाळाला हात लावला. व्हर्लिनने रिव्हॉल्व्हर हळूच काउंटरवर ठेवलं आणि एक पाऊल मागे झाला. हे त्याचं नेहमीचं पाऊल. त्यानंतर तो घरी जायचा.

आता होबर्टच्या मागच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. असल्या रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की एका नाजूक दांडीवर बाजूला झुलतं. बंद करताना दुसऱ्या हाताने हळू आत सारायचं. सिनेमातले वीर मनगटाला झटका देऊन ते खट्टकन मिटवतात. त्याने दांडी वाकते. आमच्याकडे हे मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. तरीही कुणी हौशी माणूस करतोच, म्हणून होबर्टने ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: 'झटका दिलात, तर घेतलंत.' आजवर या नियमात दोन कॉलेजकुमार आणि एक पाद्री सापडले होते. पाद्र्यालाही सूट मिळाली नाही.

नेडीन उठली. "होबर्ट, मी बघू का?"

होबर्टने चक्र उघडून दाखवलं आणि रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. तिने ते जमिनीकडे तोंड करून नीट धरलं. नवऱ्याकडे बघितलं. मग चष्मा नाकावर वर सारून भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

आणि मनगट झटकलं. खट्ट!

डॉइलची कॉफी त्याच्या विजारीवर सांडत होती, तरी तो हलला नाही.

"नेडीन!" व्हर्लिनचा आवाज चिरकला. "असं सिनेमात करतात!"

"हो का? मला वाटलं असंच बंद करतात."

"तुझा बाप शिकारी होता! तू सात वर्षांची असताना शिकवलं होतं त्याने!"

"विसरले असेन. वय झालं, राजा."

होबर्टने घसा खाकरला. "नेडीनबाई, तुमच्याशी असं वागणं मला जिवावर येतंय, पण..."

"नियम म्हणजे नियम. पुठ्ठा काय शोभेला लावलाय?" असं म्हणत तिने पर्समधून बँकेचं पाकीट काढलं. आत विक्रीकरासकट रक्कम होती, सुट्ट्या नाण्यांसह. होबर्टने पाकिटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या सरकारी चौकशीसाठी करावा लागतो तो फोन लावायला वळला. व्हर्लिनचं लक्षच नव्हतं. तो दिव्याखाली दांडी निरखत होता, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसा.

डॉक्टर दुपारी आला. होबर्टने सांगितलं, "गेलं. झटका बसला."

"म्हणजे काय झालं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं," डॉइल म्हणाला.

शेवटी डॉक्टर भिंतीवर लावायचा भुसा भरलेला मासा घेऊन गेला. त्या माशाने तोंड पार घशापर्यंत उघडलेलं होतं. दवाखान्याला तेच शोभेल.

व्हर्लिन अजूनही दर शनिवारी होबर्टकडे जातो, आता फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन. दांडी वाकली आहे का, एवढंच बघायला. होबर्ट पट्टी लावून बघतो आणि म्हणतो, "सरळ आहे."

"मला किंचित वाकलेली वाटते."

"मग देऊन टाक. डॉक्टर अजून फोन करतो."

"नको," व्हर्लिन म्हणतो. त्याने हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा डॉइलने मान वळवून बघितलं, इतक्या लगेच ते आलं.

परवा कुंपणाशी मी नेडीनला विचारलं, "काय गं, खरंच विसरली होतीस?"

ती दोरीवरचे कपडे काढत होती. चिमटे तोंडात होते, ते काढून आधी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमचं आत्ताचं कपडे धुवायचं मशीन खडखडायला लागलंय. त्याच्यासमोर बोलू नकोस हं. दुपारच्या वेळेला त्याचा काही भरवसा नाही."