मामांचं बंड आणि संध्याकाळची एसटी

समुद्र ओलांडून साम्राज्य उभं करायचं आणि दुपारच्या चहाला पुन्हा घरच्या पडवीत हजर व्हायचं, हे साधलेला माणूस अख्ख्या महाड तालुक्यात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीच्यांनी फार तर मुंबई गाठली. मुंबई मामांनीही गाठली होती. तिथे एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी शिपाई म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली आणि तिथल्याच एका कॉम्प्युटरवर, साहेब जेवायला गेले की, हा राज्यविस्ताराचा उद्योग शिकून घेतला. निवृत्त होऊन ते वरंधच्या अलीकडे डोंगराच्या कुशीतल्या आपल्या वाडीत परतले, भात आणि नाचणी करू लागले; पण दर्यापारचं राज्य काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

कॉम्प्युटरवरचा तो खेळ तसा सोपा आहे, म्हणजे मामा सांगतात तेव्हा सोपा वाटतो. गलबत घेऊन अनोळखी किनाऱ्यावर उतरायचं, वस्ती करायची, ऊस-तंबाखू पिकवून मायदेशच्या बंदरात विकायचा आणि राजाला कर भरत राहायचं. आधी आपण चाली करायच्या, मग ‘टर्न संपवा’ असं बटण दाबायचं आणि बाकीच्यांच्या चाली हात बांधून बघायच्या. राजा कर वाढवतच जातो, म्हणून शेवटी त्याच्याविरुद्ध बंड पुकारायचं आणि त्याच्या फौजेला हरवून स्वतंत्र व्हायचं. खेळाला एक शेवटचं वर्ष असतं; तोवर बंड जिंकलं नाही तर सगळं मुसळ केरात. आणि मामांनी, कचेरीच्या दिवसांपासून ह्या वर्षापर्यंत, एकदाही बंड पुकारलं नव्हतं. दर वेळी ते शेवटचं वर्ष येईपर्यंत शेती करत बसायचे आणि हरायचे.

मग त्या जुन्या खेळाचा नवा अवतार आला. लेकीने मुंबईहून लॅपटॉप पाठवला, आणि महाडला माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान असल्यामुळे, ज्यात बारीक स्क्रू आहेत ते सगळं मला कळतं अशा समजुतीने, खेळ चालू करून द्यायला मला बोलावणं आलं. नवा समुद्र चमकत होता, लाटा हलत होत्या, झाडांच्या सावल्यासुद्धा पडत होत्या. मामांनी बराच वेळ निरखून बघितलं आणि निकाल दिला, “ह्यो समुद्र लय नटलाय. आमचा समुद्र चौकोनी होता, पन खरा होता.” पहिल्या दिवशी त्यांनी तो नुसता नाकारला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर जेवणाचं ताट गार होत होतं आणि मामा त्या नटव्या समुद्रात गलबत हाकत होते.

ह्या खेळाने मामांना जी एक सवय लावली तिने सगळी वाडी सुधारली. मामा आयुष्यही पाळीपाळीने जगतात. मामींनी मीठ आणायला सांगितलं तर ते उठतात, मीठ आणतात आणि परत येऊन म्हणतात, “झाला गो माजा टर्न, आता तू च्या ठेव.” मामी उमरठच्या, तिखट, त्या म्हणतात, “माजा टर्न लगीन झाल्यापासून संपलाच नाय.” पण चहा येतो. एकदा बांधावरून शेजाऱ्याशी जुंपली. शेजारी तोंडाला फेस येईपर्यंत ओरडला. मामा शांतपणे ऐकत उभे. मग त्यांनी विचारलं, “झाला तुमचा टर्न?” शेजारी गोंधळून हो म्हणाला, आणि मामा तेवढ्याच जोरात ओरडले. तेही थांबले, “आता तुमी.” असं दोन-तीन वेळा झाल्यावर दोघांनाही तहान लागली आणि भांडण पडवीत पाणी प्यायला आलं. आता गावकीच्या बैठकीत एका वेळी एकच माणूस बोलतो. हा चमत्कार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

खेळताना मात्र मामा वाडीचा कायदा दर्यापार घेऊन जातात. वाडीत सोमवारी नांगर धरत नाहीत, म्हणून सोमवारी त्यांच्या साम्राज्यालाही सुट्टी. वाडीत कोणी नवं घर बांधायचं म्हटलं की आधी गावच्या मानकऱ्याच्या हातात नारळ द्यायचा, त्याचा होकार घ्यायचा आणि मगच कुदळ मारायची. मामांना त्या परमुलखात जंगलातल्या मूळच्या लोकांच्या वस्त्या दिसल्या की ते पहिल्यांदा गलबतातला चांगला माल काढून त्यांच्या म्होरक्याला देतात. खेळात नारळ मिळत नाही ह्याचं त्यांना वाईट वाटतं. दर हंगामाला पुन्हा मान. त्या लोकांची जमीन फुकट लाटता येते, वस्ती जाळताही येते, सगळे खेळणारे तसंच करतात, असं मी त्यांना समजावून सांगितलं. “अहो मामा, ही उधळपट्टी आहे. अशाने बंडाला तोफा कुठून आणणार?” मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, “जावईबापू, तुमच्या घरात घुसून कोनी चूल मांडली तर तुमी त्याच्याकडं नारळ तरी मागाल का नाय?” मी मनात म्हटलं, ह्या हिशोबाने मामा हेही राज्य घालवणार.

आणि त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे मायदेशच्या बंदराचा धक्का. तिथे माणसं ओळीने उभी असतात: सुतार, कोळी, शेतकरी, बोचकी घेऊन मामांच्या नव्या मुलखात यायला निघालेली. मामा त्यांच्याकडे नुसते बघत बसायचे. तसेच ते रोज संध्याकाळी महाडहून येणाऱ्या एसटीच्या थांब्यावरही बसतात. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि जातात. बाकीचे दिवस मामा थांब्यावर बसून कोण उतरतंय ते बघतात. कंडक्टरही आता दार उघडण्याआधी त्यांना नमस्कार करतो.

बंड न पुकारण्यावरून आम्ही सगळे त्यांना फार छळायचो. राजाला घाबरता, शिपायाची नोकरी अंगात मुरलीय, असंही मी एकदा बोलून गेलो. तेव्हा मामांनी सरळ सांगून टाकलं. “राजाला कोन भितो? पन बंड केलं का त्यो धक्का बंद होतो. मंग माझ्याकडं माणसं कुठनं येनार? हिकडं समदी जात्यात, तिकडं तरी येत्यात.” त्यानंतर मी छळणं सोडून दिलं. मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली.

ह्या वर्षी होळी झाली, पालख्या फिरल्या, मुंबईकर परतले आणि सुनील मात्र गेला नाही. मामांच्या समोरच्या घराचा हा मुलगा मुंबईत गाडी चालवायचा. त्याने कुलूप काढलं, बायकोला घेऊन आला आणि कौलं उतरवायला लागला. कोंबड्या पाळणार म्हणाला, राहणार म्हणाला, कायमचा. मामा दिवसभर त्याला कौलं हातात देत होते. दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांचा मला फोन आला, “जावईबापू, येवा. बंड हाय.”

मी पोचलो तेव्हा पडवीत वाडी लोटली होती. खेळातली शेवटची वर्षं चालू होती. मामांनी टोपी नीट केली, देवाकडे हात जोडले आणि बंडाचं बटण दाबलं. राजाची लालभडक फौज गलबतांतून नुसती भसाभसा उतरली. पहिली वस्ती पडली, दुसरी पडली. मामींनी पदर तोंडाला लावला. “तोफा नाहीत, मी म्हटलं होतं,” असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मामांनी टर्न संपवला. आणि जंगलातून घोडे निघाले. ज्यांना ज्यांना मामांनी मान दिला होता त्या सगळ्या वस्त्यांची माणसं एकामागून एक बाहेर येऊन राजाच्या फौजेच्या पाठीवर पडली. पडवी पेटली! सुनील ओरडला, शेजारी आपला टर्न नसताना ओरडला, कोणीतरी देवळातला ढोल उचलून आणला. मामा एकेक चाल करत होते, टर्न संपवत होते, आणि लाल डगले समुद्राकडे मागे मागे सरकत होते. पडलेल्या दोन्ही वस्त्या परत आल्या. शेवटी राजाचं निशाण उतरलं, लॅपटॉपमधून तुताऱ्या वाजल्या आणि त्या कोणाला ऐकू आल्या नाहीत, इतका ढोल वाजत होता. मामींनी आरती आणून मामांना ओवाळलं आणि मग लॅपटॉपलाही ओवाळलं. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “नारळ वाया जात नाय, जावईबापू.” मी त्यांच्या पाया पडलो, आणि अगदी मनापासून पडलो.

गर्दी पांगल्यावर मामा पुन्हा पडद्यासमोर बसले. मायदेशचं बंदर शोधत होते. ते चित्र आता उघडत नव्हतं. “धक्का गेला,” ते हळूच म्हणाले आणि लॅपटॉप मिटून चपला शोधायला लागले. एसटीची वेळ झाली होती.

मीही बरोबर गेलो. गाडी आली, थांबली. कंडक्टरने मान हलवली, “आज कोन नाय, मामा,” आणि गाडी वळणाआड गेली. मामा थांब्यावरून उठले. “चला,” म्हणाले, “आजचा टर्न झाला.” चढण चढताना काळोखी घरं एकामागून एक मागे पडत गेली आणि मग सुनीलच्या खिडकीत दिवा दिसला. मामा तिथेच थांबले. राजाला हरवलेला तो माणूस त्या एका दिव्याकडे बघत ताठ उभा होता, आणि मला फार वाटलं, की वाडीच्या ह्या खेळाला तरी शेवटचं वर्ष नसावं.