बंड्याला इंग्रजी येत नाही

आम्ही निघालो तेव्हा गाडीमागून टोस्टर येत होता.

झालं असं, की कॅम्परव्हॅनची बॅटरी रात्रभर चार्ज व्हावी म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली होती, आणि सकाळी ती सोडवायला विसरलो. मोठ्या ऐटीत गाडी रस्त्याला लावली, तर एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याला जोडलेला टोस्टर दोघेही खिडकीतून उडी मारून आमच्या मागे. शेजारचे आजोबा गुलाब छाटत होते. कात्री न थांबवता म्हणाले, "त्यालाही हवापालट का? छान, छान."

कित्येक वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला निघालो तेव्हा अर्धी सोसायटी फाटकापाशी होती. आईनं हातावर दही घातलं, "जातो नाही, येतो म्हणावं" असं बजावलं. टॅक्सी सुटता सुटता काकानं तिसऱ्या मजल्यावरून विचारलं, "पासपोर्ट घेतलास का रेऽऽ?" घेतलाय हे साऱ्या पेठेला कळलं. आता रीडिंग या आमच्या इंग्लंडमधल्या गावाहून निघताना एक शेजारी आणि एक टोस्टर.

बेत आईला फोनवर सांगितला, तर ती म्हणाली, "डोक्यावर चांगलं छप्पर असताना रस्त्याकडेला झोपायला निघालेले आपल्या घराण्यातले तुम्ही पहिलेच." तिचंही बरोबर होतं. पण लेक लीड्सला शिकायला गेली होती, घर भकास झालं होतं, आणि आमच्या दोन कुत्र्यांना घेईल असं हॉटेल मिळेना. कॅम्पसाइटवर वीज, नळ, शॉवर सगळं असतं, पण स्कॉटलंडमध्ये तळ्याकाठी गुपचूप फुकट गाडी लावून राहिलं तर कुणी काही म्हणत नाही, असं ऑफिसातल्या एकानं सांगितलं. फुकट म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. पाणी कॅनमधून, उजेड टॉर्चचा, आणि संडासाची टाकी रिकामी करणं हे माझं खातं, हे मागाहून कळलं.

कुत्री म्हणजे उशीएवढी चिंगी आणि लांबटांग्या बंड्या. पिल्लं असताना आणली, तेव्हा माझ्या बायकोनं, मेधानं, "मला घरात कुत्रं नको" असं जाहीर केलं होतं. आता लेक गेल्यापासून ती दिवसभर त्यांच्याशीच बोलते. मराठीत. त्यामुळे पार्कात कुणी "सिट" म्हटलं, की बंड्या त्याच्याकडे नव्यानं व्हिसावर आलेल्या माणसासारखा बघतो. बोलते तेही हळू. आमची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. आल्या आल्या एकदा आम्ही पोह्यांत बटाटा की कांदा यावर बोलत होतो, तर याच गुलाबवाल्या आजोबांनी दार वाजवून मेधाला विचारलं होतं, "सगळं ठीक आहे ना, डिअर?" तेव्हापासून आमच्याकडे सगळं कुजबुजत चालतं.

तळ्याकाठी पहिल्या सकाळी मी चहा टाकत होतो. मेधानं दार उघडलं आणि बंड्या तिच्या पायांमधून निसटला तो थेट समोरच्या टेकडीवर. टेकडीवर मेंढ्या होत्या. चार चाकांच्या मोटरसायकलवरून एक मेंढपाळ खाली आला. शांत माणूस. मागे बसलेला त्याचा काळापांढरा कुत्राही शांत. खांद्याला बंदूक.

"तुमचा का?" त्यानं विचारलं. "मेंढ्यांत शिरला तर मला गोळी घालावी लागेल. कायदा तसा आहे. बोलवा त्याला."

मी पुढे झालो. आणि परक्या माणसासमोर मराठीत काय ओरडायचं, म्हणून ऑफिसच्या मीटिंगमधल्या आवाजात म्हणालो, "बंड्या, कम बॅक, प्लीज!"

बंड्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मेंढ्या पळायला लागल्या. माणसानं बंदूक खांद्यावरून काढली.

"सरका हो बाजूला! त्याला इंग्रजी येतं का?" म्हणत मेधानं मला ढकललं, एका दगडावर चढली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "बंड्याऽऽऽ! मेल्या, कुठं उलथलास? ये इकडे आधी, तंगडं मोडून हातात देईन!"

तळ्यापलीकडच्या डोंगरानं "देईन" परत पाठवलं. बंड्या होता तिथे थबकला, कान पाडले, आणि शेपूट पायांत घालून धावत सुटला तो तिच्या पायाशी येऊन लोळला. चिंगीचा काही गुन्हा नव्हता, तरी ती गाडीखाली शिरली. मेंढपाळाचा कुत्राही खाली उतरून मुकाट्यानं बसला. मीही चहाचा गॅस बंद केला.

बंदूक परत खांद्यावर टाकत माणसानं मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"प्लीज परत ये, म्हणाल्या."

"बराच लांबलचक प्लीज आहे," तो म्हणाला. मग टोपी काढून मेधाला नमस्कार केल्यासारखं केलं आणि निघून गेला.

बंड्याला पोटाशी धरून मेधा दगडावर बसली होती. रडत होती, हसतही होती. इथे आल्यापासून तिचा हा आवाज मी ऐकलाच नव्हता. रीडिंगचं घर आमचं, हप्ते आम्ही भरतो, पण तिचा आवाज बहुधा पुण्याच्या विमानतळाच्या टॅक्सीतच राहिला होता. घर म्हणजे काय, यावर आपण सगळे, तिथे राहिलेले आणि इकडे आलेले, फोनवर फार बोलतो. मला त्या दगडाकडे बघून वाटलं, हे चार पावलांचं ठिकाण घर म्हणून मोजायला हरकत नाही. तसं मी तिला भावनेच्या भरात सांगूनही टाकलं, आणि विचारलं, आता निघायचं का पुढे?

"छे हो, अजून दोन दिवस इथेच राहू," डोळे पुसत ती म्हणाली. "रीडिंगला हळू आवाजात भांडून भांडून तुमच्याशी माझी कितीतरी भांडणं अर्धवट राहिलीत. बसा, पोह्यांपासून सुरुवात करू."