एक जानेवारीची केझांग

तुमचं वय किती, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आईनं? दवाखान्यानं? की शाळेच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या हेडमास्तरानं, तुमच्याकडे एक नजर टाकून?

हसू नका. केझांग सेल्दनचं वय एका हेडमास्तरानं ठरवलं, आणि तेही तिच्या हाताची लांबी बघून.

पूर्व भूतानमधलं तिचं गाव इतकं उंचावर की शाळा खाली, दोन ओढे ओलांडून. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पोराला घेत नसत. जन्माचा दाखला कोणाकडेच नव्हता, म्हणून परीक्षा सोपी ठेवलेली: उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. केझांग तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती, पण शेजारची थोरली मुलगी शाळेत निघाली होती आणि पुढे ओढ्यातून सोबत कोण देणार, म्हणून बापानं हिलाही पुढे ढकललं. पोरीचे हात माकडासारखे लांब. कान लागला. हेडमास्तरांनी मागे मोजून एक साल लिहिलं, आणि तारीख टाकली एक जानेवारी. त्या वर्गातल्या सगळ्याच पोरांची तीच तारीख. काही देशांत हीच तारीख एक जून असते म्हणतात. मास्तर सगळीकडे सारखेच.

खरी केझांग भूतानी पंचांगातल्या घोड्याच्या वर्षातली, भातकापणीच्या महिन्यातली. हे तिच्या आईला पक्कं ठाऊक, कारण कळा सुरू झाल्या तेव्हा विळा हातात होता. पण आईला कोण विचारतो? कागदावर केझांग जवळजवळ दोन वर्षांनी मोठी झाली ती झालीच. तेच साल दहावीच्या दाखल्यावर, तेच नर्सिंगच्या परवान्यावर, तेच पासपोर्टावर.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये आम्ही भूतानची माणसं बरीच आहोत, आणि त्यातली निम्मी एक जानेवारीची. त्या दिवशी नदीकाठच्या बागेत सगळे जमतात, शेगडीवर मांस भाजतात, मिरची-चीजची भाजी पातेलंभर करतात आणि सगळ्यांचा मिळून एकच केक कापतात. ‘शाळेचा वाढदिवस’ म्हणतात त्याला. ती तारीख आमच्यासाठी एक थट्टा आहे. खरं वय वाढतं ते लोसारला, आमच्या नववर्षाला, सगळ्यांचं एकदम. गोची इथंच झाली. ज्या तारखेला माणूस हसतो, तिचा धाक कसा वाटणार?

केझांग इथे आली ती तिकडच्या मोंगर गावच्या इस्पितळातली पक्की नोकरी सोडून, सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची मास्टर्स करायला. नवरा नामगे सोबत आला. मुलगी पेल्दन आजीकडे राहिली, कारण दोघं कामावर गेल्यावर तिला बघणार कोण? हिशोब सरळ होता. शिक्षण संपलं की पदवीधरांचं कामाचं परमिट मिळेल, पूर्ण वेळची एकच नोकरी धरता येईल, आणि पेल्दन इथे येईल. ती आली तेव्हा या परमिटसाठी वयाची मर्यादा पन्नास होती. ही मधल्या सत्रात अभ्यास करत असताना सरकारनं ती बहुतेकांसाठी पस्तिशीवर आणून ठेवली. अर्जाच्या दिवशी छत्तीस पूर्ण असले की दार बंद. नोकऱ्या सोडून, वय वाढल्यावर शिकायला येणारे आमच्यासारखे लोक कोणाच्या लक्षात होते का, देव जाणे. केझांगच्या वर्गातला रिंझिन सदतीस वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये त्यानं घरातला तांदळाचा कुकर आम्हाला देऊन टाकला आणि भूतानला परत गेला. तो कुकर आजही आमच्या मंडळींच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये आहे. मला त्यातला भात गोड लागत नाही.

रविवारी प्रार्थना झाली की मी हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसतो. कोणाची घरमालकाशी भांडणं, कोणाचा व्हिसा. वकील नाही मी, बस चालवतो. पण नियम वाचता येतात आणि आवाज मोठा आहे. पोरं मला आझांग म्हणतात, म्हणजे मामा.

डिसेंबरचा दुसरा रविवार. बाहेर ऊन डोळ्यांत घुसत होतं. आत थुक्तेन नावाचा आमचा एक गडी जानेवारीच्या केकचं ठरवत होता. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पोट मोठं, तोंड त्याहून मोठं. यंदा कागदावरच्या वयाप्रमाणे रांग लावायची, अशी त्याची टूम होती.

“केझांग आना, तू एकदम मागे!” तो ओरडला. आना म्हणजे थोरली बहीण. “म्हाताऱ्यांच्या रांगेत.”

“चल रे! मी घोड्याच्या वर्षाची. चौतीस. हवं तर दात मोज.”

“घोडा तिकडे गावाकडे बांधून ठेव आना. पासपोर्टात बघ. एक तारखेला केक कापलास की छत्तीस!”

सगळे हसले. तीही हसली. मी चहाचा कप खाली ठेवला.

“काय म्हणालास?”

“काही नाही आझांग, थट्टा हो...”

“थट्टा गेली खड्ड्यात. छत्तीस म्हणालास?” मग तिच्याकडे वळलो. “परमिटचा अर्ज टाकलास?”

“फेब्रुवारीत टाकणार ला. पदवीदान झालं की.” मोठ्यांशी बोलताना आमच्याकडे वाक्याला ‘ला’ लावतात, ती सहसा विसरत नाही. “आई येणार आहे, पेल्दनला घेऊन. अभ्यास संपल्यापासून सहा महिने असतात ना ला? पोलिसांचा दाखला, इंग्रजीची परीक्षा, विमा, सगळं तयार आहे.”

“सहा महिने अर्जाला असतात. तुझं वय थांबतं का सहा महिने?”

“पण मी तर कागदावरसुद्धा पस्तीसच...”

ती थांबली. थुक्तेननं हातातला कागदी मुकुट हळूच खिशात कोंबला.

“एकतीस तारखेपर्यंत,” ती म्हणाली. “फक्त एकतीसपर्यंत.”

तरी अर्ज त्याच दिवशी टाकता आला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र तिच्याकडे नव्हतं. शेवटच्या प्रबंधाला दोन परीक्षक असतात. पहिलीनं, म्हणजे तिच्या मार्गदर्शक ब्रॉनविनबाईंनी, गुण दिले होते. दुसऱ्याचे बाकी होते. निकाल जानेवारीच्या मध्यात लागणार, आणि नाताळच्या सुट्टीला सगळी कचेरी बंद.

शहरातल्या एका एजंटाकडे नामगे धावत गेला. तो म्हणाला, सोपं आहे, गावच्या मुखियाकडून लिहून आणा की मुलगी घोड्याच्या वर्षाची आहे, आणि पासपोर्ट बदला.

“आणि खरंच तर आहे ते!” त्यांच्या घरी नामगे मला म्हणाला. “खोटं काय त्यात?”

केझांग भांडी पुसत होती. “खोटं काही नाही,” ती म्हणाली. “पण ते सगळं होईपर्यंत लोसार येईल. आणि मग माझी शाळा, माझा परवाना, माझा आधीचा व्हिसा, सगळ्यांवर दुसरं साल. खरं सांगायला गेले तर आयुष्यभराची खोटारडी ठरेन. नको. हेडमास्तरांनी दिलंय तेवढंच वय घेऊन जाईन.”

“मग बाईंना सांग, घाई करा म्हणून!” मी म्हणालो.

“सांगितलंय ला. तीनदा लिहिलं.”

“दाखव.”

तिनं फोन पुढे केला. वाचता वाचता माझं डोकं सणकलं. पहिल्या मेलमध्ये आधी त्रास दिल्याबद्दल माफी. मग बाईंच्या तब्येतीची चौकशी. मग पुन्हा माफी. शेवटी, आपल्या सोयीनं कधी जमलं तर दुसऱ्या परीक्षकांची आठवण ठेवावी. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तर नाताळच्या शुभेच्छाही. एकतीस तारीख कुठे नाही. परमिट नाही. पेल्दन नाही.

“हे काय आहे? वर्षश्राद्धाचं बोलावणं?”

“गुरूला तारीख द्यायची?” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “आझांग, आपल्याकडे लोपेनसमोर, गुरुजींसमोर आपण मान वर करून बसतो का? त्या बाईंनी दोन वर्षं माझं इंग्रजी नीट केलंय. त्यांना मी हुकूम सोडू?”

“त्यांना कळेल कसं मग? इथे जो बोलत नाही त्याला काही नको असतं, असं समजतात!”

भिंतीवर पेल्दनचं चित्र चिकटवलेलं होतं: विमान, आणि खिडकीत आजी. केझांग त्याच्याकडे बघत राहिली. मग फडकं वाळत टाकलं.

“उद्या बाईंकडे जाते. तुम्ही गाडीनं सोडा. पण आत यायचं नाही.”

“का?”

“तुम्ही ओरडाल ला.”

म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. उकाड्यामुळे ब्रॉनविनबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. माझा नाइलाज होता. आधी माफी ऐकू आली. मग हवापाणी. मग पुन्हा माफी. मी दातओठ खात होतो. मग ती म्हणाली, “बाई, एक हात डोक्यावरून नेऊन दुसरा कान पकडून दाखवता?”

“काय करू?”

“असा.”

खुर्ची करकरली. बाई हसल्या. “लागला कान! आता काय मिळणार मला?”

“शाळेत प्रवेश. मी असा पकडला तेव्हा पाचचीही नव्हते. त्यांनी सहा लिहिले, आणि एक जानेवारी.” आणि मग ती थांबली नाही. छत्तीस, परमिट, बंद होणारी कचेरी, सात वर्षांची मुलगी, सगळं एका दमात. ‘ला’सुद्धा लावला नाही.

हसणं थांबलं होतं.

“केझांग, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कामात होता.”

“मी कामात? तुझा प्रबंध हेच माझं काम आहे, बाई! थांब. तुझा दुसरा परीक्षक, तो बॅरी, दक्षिणेला कॅराव्हॅन घेऊन गेलाय, मासे पकडायला.” फोन लावल्याचा आवाज. “बॅरी? गळ बाजूला ठेव. नाही, आत्ता. मासे कुठे पळून जात नाहीत.”

बॅरीसाहेबांनी प्रबंध वाचला होता म्हणे, फक्त गुण पाठवायचे राहिले होते. फक्त! एका कुटुंबाचा श्वास अडकवायला केवढं पुरतं बघा.

पत्र आलं ते कचेरीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. केझांग तेव्हा वृद्धाश्रमात कामावर होती, डोरीन नावाच्या आजींना सूप भरवत. डोरीनबाई त्र्याण्णवच्या, रोज विचारतात, “पोरी, वय काय तुझं?” आणि रोज विसरतात. केझांग त्यांना रोज खरं सांगायची, चौतीस. त्या दिवशी सूप संपवलं, तोंड पुसलं, मगच फोन बघितला. जेवणाच्या सुट्टीत कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसून तिनं अर्ज पाठवला. नामगे दुसऱ्या पाळीवर होता, म्हणून मला फोन केला.

“गेला आझांग.”

“नीट गेला? पोच आली?”

“आली ला. तुम्ही ओरडताय.”

एक जानेवारीला नदीकाठी ती निमूट मागच्या रांगेत उभी राहिली. थुक्तेननं खिशातला चुरगळलेला मुकुट काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तिथून ती सरळ कामावर गेली, आणि डोरीनबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “छत्तीस.” त्या म्हणाल्या, “दिसत नाहीस.”

परमिट आलं एप्रिलमध्ये, उन्हाळा उतरल्यावर. पदवीदान तोवर होऊन गेलं होतं. तो सोहळा तिनं नामगे आणि आम्हा चार-पाच जणांच्या टाळ्यांवर भागवला. आजीचं तिकीट पुढे ढकललं होतं, उत्तर काय येतं ते कळेपर्यंत. मे महिन्यात आजी आणि पेल्दन उतरल्या. पेल्दन इस्पितळात जन्मलेली, तारीख पक्की, शिक्क्यासकट. तरी शाळेच्या पहिल्या दिवशी आजीनं तिला दारात उभं केलं आणि म्हणाली, “हात वर कर. कान पकड.” पोरीनं पकडला. “जा आता.”

रिंझिनचा कुकर मात्र आमच्याकडेच आहे.

म्हणून एक सांगतो. तुमच्या घरात भाड्यानं राहणारं, तुमच्यासोबत पाळीवर काम करणारं, तुमच्या वर्गात मागे बसणारं कोणी परदेशातून शिकायला आलेलं असेल आणि त्याचा वाढदिवस एक जानेवारीचा असेल, तर केक आणू नका. त्याला विचारा, “कागदावर तू छत्तीस वर्षांचा कधी होतोस? आणि तुझा अभ्यास कधी संपतो?” तो लाजेल, माफी मागेल, तुमच्या तब्येतीची चौकशी करेल. तुम्ही पुन्हा विचारा. आजच विचारा.